साहेबांचं अपुरं काम

अहो,

उभ्या जन्मात तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. पण उद्या सकाळी पक्षाची माणसं पोटनिवडणुकीच्या अर्जावर माझी सही घ्यायला येणार आहेत, आणि हे कसं झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. आत्ता तुमची कार्यकर्ती पोरं जेवायला पांगलीत, तेवढ्यात लिहितेय.

तुमच्या शोकसभेत माझ्या हातात माईक दिला. मी काय बोलणार? आधीचे सगळे जे बोलले तेच मीही बोलले, ‘साहेबांचं अपुरं काम मी पूर्ण करीन.’ अहो, असं सगळेच म्हणतात! टाळ्या पडल्या तेव्हा कळेना, शोकसभेत लोक टाळ्या का वाजवतायत. संध्याकाळी जेसल पार्कच्या नाक्यावर बॅनर, तुमच्या शेजारी माझा फोटो. सत्यनारायणाच्या पूजेतला, नथ घातलेला. विधवेच्या बॅनरवर नथ, कुणाला काही वाटलंही नाही.

अपुरं काम म्हणजे तुमचं ते विधेयक. आईवडिलांच्या संमतीशिवाय लग्नाची नोंदणी नको. तुमचा दिनेश, तुमच्याआधी ऑफिस उघडणारा, माझं भाषणच घेऊन आला. “वहिनी, बस एवढंच बोलायचं. साहेबांचं लास्ट ड्रीम होतं. पब्लिकला पण तेच पायजे.”

पब्लिकला तेच हवंय हे खरं आहे. तुमचं बरंचसं मलाही पटायचं. रत्नागिरीहून आलात, लालबागच्या एका खोलीत दहा माणसांत वाढलात. घर टिकलं तर माणूस टिकतो, हे तुम्ही नुसतं भाषणात म्हणत नव्हता. हायवेवरचे बार बंद व्हावेत म्हणून ठिय्या दिलात तेव्हा बायका ओवाळायला आल्या, त्यात मीही होते. दुकानाच्या पाट्या मराठीत हव्यात म्हणून भांडायचात, आणि खाली वाण्याला म्हणायचात, “भैया, आधा किलो शक्कर देना.” मी हसले की चिडायचात.

पण मानसीचं काय? आपली मुलगी चौक गावातल्या कोळ्यांच्या जोएलशी लग्न करणार, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात. दर प्रचारात त्याच्याच ओट्यावर बसून सुके बोंबील खाल्लेत की नाही? त्याची आई शोकसभेला आली होती. माझा हात धरून म्हणाली, “ताई, सायेब आमचंबी व्हते. पोरांचं तुमी सांगाल तसं. आमची ना न्हाय.”

मानसीला तुम्ही एकदाही नाही म्हणाला नाहीत. वाढदिवसाला केक आणलात, तिला रिक्षापर्यंत सोडायला गेलात. आणि त्याच सुमारास अधिवेशनात विधेयक मांडलंत. पोरीने ते पेपरात वाचलं. घरात एका मुलीला नाही म्हणवेना, म्हणून सगळ्या राज्यातल्या मुलींना नाही म्हणायला गेलात का हो? मी तेव्हाच विचारायला हवं होतं. आता कुणाला विचारू?

शोकसभेत माझं ते वाक्य ऐकून ती उठून गेली. काल आली ती रजिस्टर लग्नाला मी साक्षीदार होईन का, हे विचारायला. “आई, नाही आलीस तर मी समजून घेईन. पण मंचावर माझ्याविरुद्ध बोलू नकोस.” मी म्हटलं, “चहा टाकू?” अहो, तुमचा टीव्ही, तसा माझा चहा. चहा न घेताच गेली.

दिनेशला म्हणून पाहिलं, मी उभी राहत नाही. तो रडायलाच लागला. “तिकीट दुसऱ्याला गेलं तर आमच्या पोरांना कोण दारात उभं करणार, वहिनी?” तेही खोटं नाही. बारा-पंधरा वर्षं ही पोरं तुमच्यामागे घरदार विसरून फिरली. एवढा मोठा तुमचा पसारा माझ्या पदरात टाकलात, त्यातलं काय धरू नि काय सोडू? मला खरंच कळत नाही.

खाली गाड्यांचे आवाज येतायत, माणसं परतली वाटतं.

सभेत बोलले तो शब्द माझा नव्हता. हा मात्र माझा आहे, तुम्हाला दिलेला. मानसीला जे सांगायचं ते मी तिच्यासमोर बसून सांगेन. हो म्हणेन की नाही, ते अजून माझं मलाच ठाऊक नाही. पण जे असेल ते तिला पेपरात वाचावं लागणार नाही.

तुमची,
सुमन