चार वाढीव सामने

३ जुलै
यंदापासून फुटबॉल लीगचं वेळापत्रक माझ्याकडे. ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, पण मान मोठा. सेक्रेटरींनी हळूच विचारलं, बाई, तुमचा धाकटा भाऊ पूलवाल्यांचा कोच, तुम्हाला अवघड नाही ना जाणार? मला! आयुष्यभर गणित शिकवलं. स्वतःची मुलगी वर्गात होती तेव्हा तिचे दोन मार्क अक्षरासाठी कापले. ती अजून बोलून दाखवते.

काम सोपं आहे. आठ क्लब. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा घरच्या मैदानावर, एकदा दुसऱ्याच्या. झाले चौदा सामने. पण टीव्हीवाल्यांना अठरा हवेत. म्हणून प्रत्येक क्लबला चार सामने वाढीव. ते कोणी कोणाशी खेळायचे, हे वेळापत्रक करणाऱ्याच्या विवेकावर. तळाला राहील तो क्लब खालच्या लीगमध्ये जाणार.

विवेक माझ्याकडे भरपूर आहे.

संकल्प: संपूर्ण निःपक्षपातीपणा. शिवाय चहात साखर बंद.

६ जुलै
डायनिंग टेबलवर बटणांचा डबा ओतला. एक बटण म्हणजे एक क्लब. कॉन्व्हेंटमध्ये गेम्सच्या सिस्टर हाउस-मॅचेस अशाच लावायच्या, मणी घेऊन. म्हणायच्या, देवाला सगळ्या मुली सारख्या, पण ग्रीन हाउसला सकाळची वेळ द्या, त्यांच्यात दम्याच्या मुली जास्त आहेत. न्याय असा मायेने करायचा असतो. हल्ली कुठे राहिलं हे!

बँकवाल्यांना काळं मोठं कोटाचं बटण. स्टेशनवाल्यांना उशीच्या अभ्र्याचं. पूलवाल्यांसाठी हाताला आलं ते धाकट्याच्या शाळेच्या ब्लेझरचं, पितळी. आमच्याच कॉन्व्हेंटच्या बालवर्गात पहिल्या दिवशी त्याने रडत रडत दातांनी तोडलं होतं. मधल्या सुट्टीत मी सिस्टरांकडून सुई-दोरा मागून शिवून दिलं. बटण मी शोधलं नाही, वरच होतं.

हे म्हणाले, अर्धा तास डबा उपसत होतीस. यांना घड्याळ बघण्यापलीकडे उद्योग नाही.

८ जुलै
धाकट्याचा फोन. आवाज बसलेला. क्लबच्या मालकांनी स्पष्ट सांगितलंय, खाली गेलो तर नवा कोच. म्हणाला, ताई, या वयात मला दुसरं कोण घेणार? मग घाईघाईने म्हणाला, तुझ्याकडे काही मागत नाहीये हं. मी म्हटलं, मागूही नकोस. हंगाम संपेपर्यंत फुटबॉल हा विषय बंद. बरं म्हणाला.

मग मीच विचारलं, तुमच्या बसचं इंजिन कसं आहे? म्हणाला, चढावर पोरांना उतरून ढकलावी लागते.

ही माहिती निव्वळ तांत्रिक आहे.

१४ जुलै
वाढीव सामने झाले लावून. धाकट्याचे चारपैकी तीन सामने लीगमधल्या सगळ्यांत कच्च्या तिघांशी: स्टेशनवाले, साबणवाले, गोदामवाले. हे तिघेही जवळचे. बसला चढ लागत नाही. माणुसकीचा प्रश्न आहे. चौथा दूधवाल्यांशी, तोही घरच्या मैदानावर, कारण त्यांच्या मैदानाकडे जाणारा रस्ता वळणांचा आहे.

कच्च्या तिघांचे उरलेले तीन-तीन सामने मात्र वरच्या चौघांशी दिलेत. त्यात त्यांचंच भलं आहे. मोठ्यांशी खेळल्याशिवाय शिकणार कसे? मी वर्गात ढ मुलांना नेहमी हुशार मुलांशेजारी बसवायची. आणि हे सगळे सामने हंगामाच्या शेवटच्या चार आठवड्यांत ठेवलेत, म्हणजे रंगत टिकते.

ह्यांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते हे खरं, पण तुझी मच्छरदाणीच्या कापडाची दिसतेय.

संध्याकाळी चहात साखर घातली. अर्धाच चमचा. अपमान झालेल्या माणसाला तेवढी लागते.

१ ऑगस्ट
वेळापत्रक जाहीर. दुपारी स्टेशनवाल्यांचे मॅनेजर जिना हलवत वर आले. माणूस पूर्वी गाड्यांच्या घोषणा करायचा, आवाज तसाच राहिलाय. म्हणाले, बाई, आमच्या ताटात तीन वाघ आणि तुमच्या बंधूंच्या ताटात तीन शेळ्या, हा कुठला हिशोब? मी शांतपणे म्हटलं, त्या तीन शेळ्यांत एक तुम्ही आहात, स्वतःला इतकं कमी लेखू नका. ते म्हणाले, हंगाम संपला की लेखी तक्रार करतो. मी म्हटलं, अवश्य करा, शुद्धलेखन तेवढं सांभाळा.

सेक्रेटरी टेबलाखाली काहीतरी शोधत होते. बहुधा पेन.

२० सप्टेंबर
मन अगदी स्वच्छ. पूलवाल्यांचे निकाल बघत नाही. काल हरले, दोन-एक. दुसरा गोल ऑफसाइड होता म्हणतात.

११ नोव्हेंबर
धाकट्याला फोन केला, खोकल्याबद्दल. खोकला बरा आहे. मग म्हणाला, ताई, सहावे आहोत. मी म्हटलं, विषय बंद ठरलाय ना? आणि काळजी करू नकोस, मार्च चांगला जाईल.

हे वाक्य कोणीही कोणालाही म्हणू शकतं.

२४ जानेवारी
सातवे. घाबरायचं कारण नाही. आज एका पेपरच्या वार्ताहराने फोनवर विचारलं, असमतोल वेळापत्रक न्याय्य असू शकतं का? मी वीस मिनिटं उत्तर दिलं. माया, न्याय, सिस्टर, मणी, सगळं आलं. उद्या छापून येईल.

२५ जानेवारी
छापून आलं. ‘वेळापत्रक बटणांवर ठरतं, बाईंची कबुली.’ कबुली हा शब्द त्याचा. शिवाय फोटो जुना आणि जाड दिसणारा. साखर पूर्ववत.

२६ फेब्रुवारी
चौदा सामने संपले. पूलवाले पाचवे! दोन जिंकले लागोपाठ. आता फक्त माझे चार सामने. धाकट्याच्या मागे स्टेशनवाले, साबणवाले, गोदामवाले, आणि त्या तिघांपुढे वरचे चार वाघ. मी टेबलवर पितळी बटण पुसलं. आणखी कशालाही हात लावला नाही.

बँकवाल्यांनी विजेतेपद आजच पक्कं केलं. दुसरा, तिसरा, चौथा नंबरही कुठे हलत नाही म्हणतात. त्याचा आपल्याशी काय संबंध.

५ मार्च
पहिला वाढीव सामना. पूलवाले विरुद्ध गोदामवाले. शेळ्या अशा नसतात. जीव जाणार म्हटल्यावर माणूस चावतो, तसे खेळले. चेंडूपेक्षा पिंढऱ्यांना जास्त लाथा. शून्य-एक. अपघात.

तिकडे स्टेशनवाले बँकवाल्यांविरुद्ध जिंकले. जिंकले! चौकशी केली. बँकवाल्यांचे सगळे मुख्य खेळाडू विश्रांतीवर, कप स्पर्धा तोंडावर आहे म्हणून. गोलात त्यांच्या फिजिओथेरपिस्टचा भाचा होता.

१२ मार्च
पूलवाले हरले, साबणवाल्यांकडून. साबणवाल्यांच्या कोचने मॅचनंतर गुडघे टेकून मैदानाची माती कपाळाला लावली, इतकं त्यांचं अडलं होतं. गोदामवाल्यांनी दुसऱ्या नंबरच्या संघाला हरवलं. हरलेल्यांचा कॅप्टन स्वतःच्या लग्नाला गेला होता, उपकॅप्टन त्याच्याच लग्नाला.

हे म्हणाले, तुझ्या वाघांचे दात कपाटात दिसताहेत. मी म्हटलं, पुढच्या रविवारी बघा. त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर हलत होता.

सेक्रेटरींना विचारलं, शेवटच्या दोन आठवड्यांचे सामने बदलता येतील का, रस्त्याच्या कामामुळे. कुठल्या रस्त्याच्या, असं त्यांनी विचारलं. तिथे जरा अडचण झाली.

१९ मार्च
स्टेशनवाल्यांशी बरोबरी. सातवे. पेनल्टी मिळाली होती, बाहेर मारली. मी मैदानावर गेले होते, चष्मा आणि स्कार्फ लावून. धाकटा रेषेपाशी उभा होता, कोटाची बटणं एक चुकून लावलेली. लहानपणीही असाच. मला वाटलं, खाली जाऊन नीट लावून द्यावीत. पण अधिकारी व्यक्तीला असं करता येत नाही.

शेजारी स्टेशनवाल्यांचे मॅनेजर येऊन बसले. स्कार्फचा उपयोग झाला नाही. माझ्याकडे बघून मान हलवली, मयताला आल्यासारखी.

२६ मार्च
दूधवाले तिसरे आहेत, त्यांचं काही अडलेलं नव्हतं. धाकट्याविरुद्धही राखीव पोरंच आणतील या आशेवर मी होते. पण त्यांचा नवा परदेशी कोच आजच रुजू झाला, आणि त्याच्यावर छाप पाडायला एकूण एक खेळाडू जीव तोडून पळाला. चार-शून्य. बाकी तिघेही जिंकले.

पूलवाले आठवे. खाली.

धाकट्याचा फोन लागत नाही.

३ एप्रिल
चौकशी समिती. मी पांढरी साडी, मोत्यांचे टॉप्स. उत्तरं पाठ केली होती: बस, चढ, वळणं, ढ मुलं. एकही विचारलं नाही. स्टेशनवाल्यांचे मॅनेजर उठले आणि त्या आवाजात म्हणाले, मी तक्रार मागे घेतो, आणि बाईंची जाहीर माफी मागतो. आम्ही समजत होतो बाई भावाला झुकतं माप देताहेत. पण सख्ख्या भावाला वाचवायला निघालेलं कोणी हे असलं वेळापत्रक करेल का? आमचे दुष्मनही त्याला इतकं अचूक गाडू शकले नसते. नात्यागोत्यापलीकडचा असा कठोर माणूस मी आयुष्यात पाहिला नाही.

टाळ्या. समितीने एकमताने मला निर्दोष ठरवलं. फुलं दिली. पुढच्या वर्षीचंही काम माझ्याकडेच.

मी उठून आभार मानले. आवाज कापला, त्याचंही कौतुक झालं.

५ एप्रिल, सकाळी
धाकटा आला. दाढी वाढलेली. काल क्लबने पत्र दिलं, घराच्या किल्ल्याही मागितल्या, घर क्लबचं होतं ना. ह्यांनी त्याची बॅग आत नेली आणि बाजारात निघून गेले, काहीही न बोलता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा काही बोलायला हवं होतं.

त्याने चहा ढवळला. मग वर न बघता विचारलं, ताई, माझ्यावर कसला राग होता तुझा? आठवून आठवून दमलो. आईच्या आजारपणात मी उशिरा पोचलो, ते का?

खरं सांगावं तर लबाड, समितीच्या फुलांसकट. न सांगावं तर जन्मभर डूख धरणारी बहीण. दोन्ही पारड्यांत घालून पाहिलं. लबाड हलकी भरली.

सांगितलं सगळं. बस, चढ, शेळ्या, वाघ. झुकतं माप हा शब्द वापरला नाही, पण त्याला कळला. कप तसाच हातात धरून ऐकत होता. मी वाट पाहत होते, ओरडेल म्हणून. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. हसत होता. डोळे पुसून म्हणाला, म्हणजे हे सगळं माझ्या भल्यासाठी होतं?

मी म्हटलं, हो रे राजा.

म्हणाला, मग पुढच्या वर्षी कृपा कर, माझं भलं करू नकोस.

मी म्हटलं, पुढच्या वर्षी तू कुठल्या क्लबात आहेस, आमच्या लीगमध्ये तरी आहेस का? वेळापत्रकात तुझा संबंधच येत नाही.

हो ना, म्हणाला, तेवढाच वाचलो. आणि दुसरा कप मागितला.