डाव्या कडेचा रुमाल

डिस्कमध्ये चित्र कापलंय, आणि कापणारा माझा सख्खा थोरला भाऊ आहे. हे पहिल्या ओळीत नको म्हणून वकील तासभर माझं डोकं खातोय. "ताई, आधी शुद्धीवर असल्याचं लिहा." घ्या. वय बावन्न, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर, कुणाचा दाब नाही. मंगळवारी पोटाचं ऑपरेशन आहे, म्हणून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते.

१. दोन खोल्यांचं घर आणि बँकेत असेल ते लेकीला. न्हाणीघराचा नळ उलटा फिरतो, जोर लावू नये.

२. फिल्म जोडायचं यंत्र आणि कात्री, लॅबमध्ये माझ्या हाताखाली शिकलेल्या ठेंगणीला. भिंग सध्या मागू नये, लागणार आहे.

३. दादाने दिलेली शाल दादाला परत. घडी मोडलेली नाही.

४. आता मुद्द्याचं. पलंगाखालच्या पत्र्याच्या डब्यात दादाने दिग्दर्शन केलेल्या सिनेमाचं सातवं रीळ आहे. सिनेमा सुडाचा. हिरो बहिणीच्या नवऱ्याच्या खुनाचा बदला घेतो, सात मुडदे पाडतो. हिरोच्या जागी गच्चीवरून उडी माझ्या नवऱ्याने मारली. दोर कुणी धरलाच नव्हता. दादाने सगळ्यांना सांगितलं, "खूण द्यायच्या आधीच उडाला. घाई नडली." दुसरा टेक घ्यायला माणूस उरला नाही, म्हणून तीच उडी ठेवली. मी सिनेमा गेल्या महिन्यापर्यंत पाहिला नव्हता. लॅब बंद झाली तेव्हा नवऱ्याची शेवटची उडी भंगारात जायला नको, म्हणून रीळ उचललं. लेक बापाला उतावळा म्हणतच मोठी झाली.

गेल्या महिन्यात तिने त्याच सिनेमाची नवी डिस्क आणली. वर छापलंय, 'दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली स्वच्छ केलेली'. खरंच, काचेसारखी. हिरॉइनच्या कानातले खडे मोजावेत. फक्त उडीला चित्र एकदम फुगतं, वाळू सांडल्यासारखे दाणे येतात. अडीच सेकंद. मग पुन्हा काच.

लेक म्हणाली, "आई, जुना सिनेमा, चालायचंच."

"चालायचं नाही. चित्र मोठं करून कडा बाहेर ढकलल्याशिवाय दाणा असा सुटत नाही. तेवीस वर्षं हेच केलंय मी."

डबा काढला, खिडकीशी भिंग लावलं. गच्चीवर, अगदी डाव्या कडेला, दादा. हातातला लाल रुमाल खाली आणतोय. तीच उडीची खूण. दोराचं टोक त्याच्या पायाशी मोकळं पडलंय. त्यानंतर दहा चौकटींनी माझा नवरा गच्ची सोडतो.

दादाला फोन केला. "टीव्हीत मावत नाही गं," म्हणाला.

"बाकी सगळं मावलं, रुमालच तेवढा मावला नाही?"

त्याने फोन ठेवला.

५. मला बदला नको, सात मुडदे पाडायला वेळही नाही. दादाने लेकीसमोर बसून खरं सांगावं आणि ती उडी पूर्ण रुंदीची करून डिस्क पुन्हा काढावी. काढली की रीळ त्याचं. नाहीतर रीळ आणि भिंग लेकीचं. तिने ते स्टंटवाल्यांच्या संघटनेत पडद्यावर लावावं, कडेसकट. मी जगले तर मीच लावीन.

साक्षीदार: खालच्या मजल्यावरचा शिंपी (वाचून रडला, सही तिरकी आली), आणि माझी डॉक्टरीणबाई.
ठिकाण: माझंच स्वयंपाकघर. तारीख: ६ मार्च. सही केली आहे, अंगठा नाही.

प्रत थोरल्या भावास, हातोहात. दादा, सोमवार, दहा तारीख, दुपारी बारा. दार उघडं असेल, लेक समोर बसलेली असेल. खूण कुणी दिली?