सलामी द्यायची गोधडी

जबलपूर, पौष शुद्ध नवमी

ती. सौ. विनताताईस,
धाकट्या चिंतामणीचा नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा दमा या थंडीला तोंड देऊन राहिले असतील, असं धरून चालतो. इकडे ठीक. (ठीक म्हणजे कितपत, ते खाली येईल.)

घरातला पाळणा मी केला, चकलीचा सोऱ्या मी केला, परसातल्या विहिरीचा रहाट मी बसवला, कुंदाचं शिवणयंत्र पुरतं उघडून पुन्हा जोडलं (एक स्क्रू उरला, पण तो मुळातच जास्तीचा होता), आणि आता एक गोधडी हाताने शिवली. कोणी शिकवलं नाही. फॅक्टरीत तोफगाड्यांची चाकं जुळवणाऱ्याला सुई कोण शिकवणार? निमित्त तुला ठाऊकच आहे. आमचा विनय पलटणीत गेल्यापासून त्याच्या आईला, कुंदाला, झोप नाही. वैद्याचा काढा झाला, तळपायांना तूप झालं. म्हटलं, मऊ गोधडी करून पाहू. आपल्या आईची लुगडी आत, वर विनयचे शाळेतले सदरे; टाका न् टाका पट्टी लावून घातला. कुंदाने ती उलगडली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "ही पांघरायची का हिला सलामी द्यायची?" आणि सरळ पेटीत टाकली.

म्हणून रविवारी इथल्या ओमती मोहल्ल्याच्या महिला मंडळात नागपूरच्या सरोजिनीबाईंचं गोधडीवर व्याख्यान आहे असं कळताच मी गोधडी काखोटीला मारून निघालो. एवढ्या मोठ्या कलावतीने पसंत केली तर कुंदा पांघरेल, हा हिशेब. कुंदाही आली, पण चार पावलं मागे, ओळख नसल्यासारखी. (सभेत पुरुष मी एकटा. अध्यक्षा अनसूयाबाई मला म्हणाल्या, "भैया, पेट्रोमॅक्स उद्या दुरुस्त करायची आहे." मी नाव सांगून म्हटलं, मी श्रोता आहे.)

बाई बोलल्या मात्र सुरेख. सासूने त्यांना गोधडी डोळ्यांनी नव्हे, अंगाने पारखायला शिकवलं म्हणे. व्यासपीठावर चटई घातली आणि बायकांनी आणलेली एकेक गोधडी स्वतः पांघरून त्या आपलं मत सांगू लागल्या. पहिली जड. दुसरी टोचते. तिसरीबद्दल काहीच बोलल्या नाहीत (ती अनसूयाबाईंची होती). मग माझी. तोंडावरून ओढून घेतली, "अहो, ही तर..." म्हणाल्या आणि थांबल्या. उरलेल्या वाक्यासाठी आम्ही सगळे पुढे झुकलो. आतून घोरणं आलं.

पाहुणीला झोपेतून उठवायचं नाही, हे आपल्या लोकांचं वळण. त्यामुळे कोणी हलेना. चहा निवला. अनसूयाबाईंनी आभार कुजबुजत मानले. हार घालायला मान सापडेना, म्हणून तो अंगावरच ठेवला. आता तूच डोळ्यांपुढे आण: आडवं माणूस, तोंडापर्यंत पांघरूण, वर पांढऱ्या शेवंतीचा हार. उशिरा आलेल्या एक बाई दारातच हात जोडून उभ्या राहिल्या. त्याबरोबर कुंदा हसायला लागली. पदर तोंडात कोंबला तरी खांदे थांबेनात. विनय पलटणीत गेल्यापासून पहिल्यांदा.

अनसूयाबाई माझ्यावर घसरल्या. "काहून हो चिंतामणराव, कार्यक्रमाची वाट लावून राहिले तुम्ही? आगगाडीच्या डब्यात फौजी भरलेले, बाई रात्रभर उभ्या होत्या, म्हणून झोपल्या त्या. तुमची कारागिरी नाही त्यात!" मुद्दा मी तपासला. उभ्या होत्या हे खरं. पण मग तिसऱ्या गोधडीत काहून नाही झोपल्या? सरोजिनीबाई उठल्या तेव्हा निम्मी सभा घरी गेली होती. "हं, तर कुठवर आलो होतो आपण?" म्हणाल्या.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
चिंतामणी

ता. क. अक्षर लावून घे. कुरकुर होऊ नये म्हणून टाक फार हळू चालवून राहिलो आहे. कुंदा जेवून पलीकडे आडवी झाली ती झालीच. दूधवाला हाका मारून परत गेला, तरी जाग नाही.

दुसरा ता. क. खरं काम राहिलंच. तुझ्याकडे आईची जी लुगडी असतील ती येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पाठव. लढाईच्या कंट्रोलमुळे कापड मिळत नाही, घरात गोधडी एकच, आणि कुंदा ती सोडत नाही. मी चार दिवस सतरंजी पांघरून राहिलो आहे.

तिसरा ता. क. हे कुंदाला लिहू नकोस. सरोजिनीबाई ती गोधडी विकत मागत होत्या. मी नाही म्हटलं. मला महिन्याचा पगार बेचाळीस रुपये. त्या चाळीस देत होत्या.