मागच्या विहिरीत पाणी टिकत नाही

६ एप्रिल
लेकाने, विल्सनने, गोवा सोडून घरी आल्याचं सार्थक केलं म्हणायचं. पर्यटकांसाठीच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. संडासाची टाकी तेवढी बाकी. त्यासाठी जांभ्याचा कातळ फोडायला नको म्हणून गवंड्याने परसातली कोरडी विहीर दाखवली. पाइप हिच्यात सोडायचा, झालं. गावात बऱ्याच जणांनी हेच केलंय. दुपारी अख्खा टँकर ओतून पाहिला. दिवेलागणीच्या आत तळ दिसला. गवंडी म्हणे, "बाई, ही जन्मात भरूची नाय. पाणी खंय जाता, तीच जाणा." विल्सन खूश. मीही. उपसायची कटकट गेली.

७ एप्रिल
उताराखालच्या घरची शालिनी साखर घेऊन आली. तिच्या सुप्रियाला मुलगा झाला. सुप्रिया माझीच विद्यार्थिनी, पाढे कधी धड पाठ केले नाहीत, आणि आता आई. जाता जाता शा. म्हणाली, सकाळपासून विहिरीला लाल पाणी येतंय. म्हटलं गाळ असेल, फडक्याने गाळून घे. सगळी वाडी तिच्याच विहिरीचं पिते. आमची स्वतःची आहे म्हणून मी एरवी लक्ष देत नाही.

१० एप्रिल
आमच्या पिण्याच्या विहिरीतलं कासव दिसत नाही. पाणी साफ राहावं म्हणून सासऱ्यांनी सोडलेलं. भाताची शितं टाकली तरी वर आलं नाही. वाईट वाटलं. विल्सनला सांगितलं तर म्हणतो, "मम्मी, आता कासवासाठी पाद्रीक मिस्सा सांगतलंस काय?" या मुलाच्या जिभेला हाड नाही.

१३ एप्रिल
कासव सापडलं. शालिनीच्या विहिरीत.
ती धापा टाकत आली. "बाई, तुमचा कासव आमच्या बावीत इला. देवान धाडल्यान." जाऊन वाकून पाहिलं. कवचाच्या कडेला सासऱ्यांनी पाडलेलं भोक, तेच. शा.ने वरून हळदकुंकू टाकलं. बायका हात जोडून उभ्या.
आमची विहीर सरळ कातळात, खोल. तिथून कासव चढून येणं शक्य नाही. खालूनच गेलं.
घरी येऊन परसात उभी राहिले. वर आमची विहीर, खाली शालिनीची, मधोमध कोरडी. जांभ्याच्या पोटात वाट आहे. टँकरचं पाणी कुठे गेलं ते कळलं. लाल पाणी कुठून आलं तेही कळलं. आता पाइपातलंही तिथेच जाणार.

१४ एप्रिल
विल्सनला सगळं सांगितलं. आधी हसला. "कोणीतरी काढून थंय टाकला असतला." मग चिडला. पाहुणे २० ला येणार, आता नवी टाकी कधी बांधायची. "माका परत गोव्याक धाडूचा आसा तुका?"
तिथे माझं तोंड बंद होतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. याचे पप्पा गेल्यापासून मी या घरात एकटीने जेवत होते. रेडिओ लावून जेवायचे, समोर कोणीतरी बोलत असावं म्हणून. मला परत एकटं राहायचं नाही. लिहून टाकलं एकदाचं.
शालिनीला सांगावं तर संध्याकाळपर्यंत वाडी दारात उभी. न सांगावं तर

१८ एप्रिल
शा. बोलवायला आली. "परवा सुप्रिया बाव पूजतली. बाई, तुमी येवकच व्हया." बाळंतिणीने विहीर पुजायची, मग तिच्या हाताने पाणी काढायचं. तेच पाणी पुढे बाळाला. हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार. तारीख तीच, २०.

१९ एप्रिल
पाइप कोरड्या विहिरीत सोडून झालाय. नव्या संडासाला कुलूप घातलं. चावी रुमालात बांधली.
"मम्मी, चावी दी."
नाही दिली. जेवला नाही. हट्टीपणात माझ्यावर गेलाय, बोलणार कोणाला.

२० एप्रिल
सुप्रियाने विहिरीला कुंकू लावलं, ओटी भरली, दिवा ठेवला. घागर सोडली तर कासव वर आलं. बायका हरखल्या. शालिनीने पहिलं पाणी माझ्याच हातावर घातलं. "बाई, तीर्थ म्हणान घेवा." घेतलं. चांगलं गोड लागलं. आता सांगते म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात वरून गाडीचं दार वाजलं आणि विल्सन पाहुण्यांशी हसताना ऐकू आला. बऱ्याच दिवसांनी असा मोकळा हसला. मी बाळाला बघून परत आले.
कुलूप कोयंड्यासकट उखडलेलं, उंबऱ्यात पडलंय. आत पाणी सोडल्याचा आवाज. थोड्या वेळाने पुन्हा.
चावी अजून माझ्या रुमालात.
खाली रहाट वाजतोय. बाळाच्या आंघोळीची वेळ झाली, शालिनी पाणी काढत असणार.
विल्सन पुढच्या पायरीवर बसलाय. शालिनीकडे उतरायची वाट त्याच्या समोरूनच आहे. उठते.