मानेवर रेघ नसलेले नर

शारजा, १५ जून, रविवार

प्रिय मामू,

माफ कर. तू गेलास त्याला सात महिने झाले आणि इतक्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. डायरी मी रोज लिहितो, तुला ठाऊक आहे. तू हसायचास, "क्यूसी साहेब, दिवसभर बदकं तपासतोस आणि रात्री स्वतःला होय रे?" पण तुझं नाव आलं की मी वाक्य अर्धं सोडून हवापाणी लिहून मोकळा व्हायचो.

आज लिहितोय, कारण गुरुवारी फॅक्टरीत एका नव्या गिऱ्हाइकाची ऑर्डर आली. सोबत एक फोटो होता. 

हमरियातल्या आपल्या फॅक्टरीत सध्या काय चाललंय ते तुला वेगळं सांगायला नको. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि आपल्या शेडमध्ये बदकांचा सीझन! छतापर्यंत कार्टन. दोऱ्या कापणारे वेगळे, पोटाला वजन लावणारे वेगळे, जाळ्या गुंडाळणारे वेगळे. जुलै संपायच्या आत कंटेनर बंदरावर गेले पाहिजेत, तिकडच्या थंड देशांत सप्टेंबरात शिकार सुरू होते. पाण्याच्या टाकीपाशी मी एकटा. बदक उलटं सोडायचं, आपोआप सुलटं झालं की पास. तू मागून येऊन म्हणायचास, "यल्ला मुनीर, अजून कितींना आंघोळ घालणार?" आता मागून कुणी येत नाही.

काल सनाने विचारलं, "अब्बू, व्हॉट डू यू ॲक्चुअली मेक देअर?" तेरा वर्षांची झाली, आणि मी तिला कधी नीट सांगितलंच नव्हतं. सांगितलं, प्लास्टिकची बदकं. शिकारी ती पाण्यावर सोडतात, वरून जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटतं, आपलीच माणसं बसलीत, इथे धोका नाही. ती उतरतात.

"सो दे ट्रस्ट यू, अँड देन दे गेट शॉट."

हाच प्रश्न मी तुला नोकरीच्या पहिल्या वर्षी विचारला होता, आठवतं? तू ब्रश धुता धुता म्हणालास, "बंदूक माझ्या बापाने चालवली. मी फक्त पिसं उपटली. उपटताना बघितली." एवढंच. तेव्हा मला ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं.

नानाच्या ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी तू मला किती सांगितल्यास! शिकारीवर बंदी येण्याआधीचे दिवस, खाडीच्या वरच्या अंगाचं खाजण, पहाटेचं धुकं, आणि गुडघाभर चिखलात नानाच्या मागे पिशवी धरून तू. तलवार बदकांचे थवे यायचे म्हणालास, लांब शेपटीचे. तू बोलत असताना मला तो चिखल पायाला लागायचा. मी त्या खाडीवर जन्मलो, पण मला तिथे तेवढी बदकं कधी दिसली नाहीत. मला दिसलेली सगळी बदकं तू रंगवलेली.

आता त्या ऑर्डरचं बोलतो. चुकवून चालणार नाही.

दोन वर्षांपूर्वी तुझ्या टेबलावरून तलवार बदकाचे चारशे नर आले. ऑर्डरच्या शीटवर रंग लिहून आले होते, डोकं चॉकलेटी आणि मानेवर पांढरी रेघ. तुझे नर सगळे मातकट, मादीसारखे. रेघ एकाच्याही मानेवर नाही. मी धावत तुझ्याकडे आलो.

"मामू, हे काय?"

"ऑर्डरवर वाच. ओपनिंग वीक लिहिलंय, शिकारीचा पहिला आठवडा."

"मग?"

"मग काय? पहिल्या खेपेला येतात त्या नरांच्या अंगावर हे नवरदेवाचे कपडे नसतात रे. जुनी पिसं झडलेली असतात. नर-मादी सगळे एकाच रंगाचे. थंडी वाढली की मग नटतात."

"मामू, शीटवर आहे ते करायचं."

"बदकाला शीट वाचता येते काय?"

पोरं हसली. मला राग आला. सगळ्यांसमोर, मामू! भाचा म्हणून तू मला बोलू शकत होतास, पण तिथे मी भाचा नव्हतो, असं मला वाटलं. आज विचार केला तर तिथेही मी भाचाच होतो, आणि म्हणूनच तर राग आला.

बॅच मी परत पाठवली. ते बरोबर होतं, आजही तेच करीन. शीट बदलायची असेल तर आधी विचारायला हवं होतं, ही तुझी चूक होतीच. पण रिपोर्टमध्ये कारण लिहायची वेळ आली. हुकूम मोडला असं लिहिलं तर तुला काढतील, ही भीती. म्हणून मी लिहिलं, 'वयोमानामुळे रंग ओळखण्याची क्षमता कमी झाली असावी.' वाटलं, डोळ्यांची तपासणी होईल, चष्मा बदलेल, हलकं काम मिळेल. माझ्या मते मी तुला वाचवत होतो.

की ते हसणं मला सलत होतं? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दरवेळी उत्तर वेगळं येतं. त्यामुळे एकावरही माझा विश्वास नाही.

तुला कागदावर सही करायला बोलावलं. मला वाटलं भांडशील. निदान टोमणा तरी मारशील! तू वाचलंस, चष्मा काढून पुसलास, परत वाचलंस. म्हणालास, "मला वाटत होतं मी मुद्दाम तसं रंगवलं. पण तू म्हणतोस तर दिसतही नसेल नीट. बरं झालं सांगितलंस, स्वतःचं स्वतःला कळत नाही."

मामू, तू माझं ऐकलंस का? एरवी कधी ऐकायचास? मला कॉलेजला घालणारा तू, इथे आणून चिकटवणारा तू, आणि त्या एका दिवशी तुला माझी डिग्री खरी वाटली?

चार महिन्यांनी व्हिसाच्या रिन्यूअलला ऑफिसने तोच कागद काढला. व्हिसा वाढवला नाही, खलास. एअरपोर्टवर तू मला मिठी मारलीस आणि म्हणालास, इन्शाल्ला हिवाळ्यात ये, खाजणात नेतो. मी त्या हिवाळ्यात आलो नाही. पुढच्या हिवाळ्यात फोन आला. तुझ्या मय्यतीलासुद्धा मी एक दिवस उशिरा पोचलो.

तेव्हा मामी ओट्यावर बसून सांगत होती, "डोळे गेले म्हणून ह्यांनी मग रंगाला हात नाही लावला बघ. होडी रंगवायची होती, तर गडी लावला. मी म्हटलं, अवो तुमच्यासारखी सफाई त्याच्या हाताला नाय. तर म्हणाले, माझ्यापेक्षा त्याला दिसतं तरी."

तुला दिसत होतं, मामू. तुला सगळं दिसत होतं.

गुरुवारच्या फोटोत खरं बदक आहे, पण हुबेहूब तुझा नर. मातकट, मानेवर रेघ नाही, मादीहून शेपटी जराशी लांब. खाली गिऱ्हाइकाने लिहिलंय, सुरुवातीच्या आठवड्यांसाठी असेच नर हवेत, बाजारात कुणी बनवत नाही. मॅनेजरने फोटो टेबलावर आपटला. "मुनीर भाई, ये कौन बनाएगा? ऐसा डक तो हमने कभी किया नहीं."

केला होता. पण मी एवढंच म्हणालो, "मंडे को बताता हूँ." घरी येऊन तीन दिवस तेच डोक्यात. सनाला थोडं सांगितलं. ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "जस्ट टेल देम इट वॉज हिज, अब्बू. व्हाय इज इट सो हार्ड?"

अवघड आहे, पण मॅनेजरला सांगणं नाही, ते सोपं आहे. फार तर माझा एक रिपोर्ट चुकीचा ठरेल. मामीला सांगणं अवघड आहे. तिने तुझं म्हातारपण त्या वाक्याने समजून घेतलं आहे. तुझे डोळे शेवटपर्यंत चांगले होते हे ऐकून तिला बरं वाटेल, की घरात बसून गेलेल्या त्या दिवसांचा राग येईल? आला तर माझ्यावरच येऊ दे. तीन वेळा फोन लावला. दरवेळी मी आधी हवापाणी विचारलं, मग आंबा कसा आहे विचारलं, मग तिने सनाचं विचारलं, आणि मी ठेवून दिला.

तुझी आठवण कशी येते सांगू? टाकीत बदक सोडलं की ते क्षणभर कलतं, त्या क्षणात मला तुझा आवाज ऐकू यावासा वाटतो. कसलाही चालेल, टोमणासुद्धा.

माझा शब्द घे, मामू. या सीझनचा पहिला कंटेनर निघायच्या आत त्या नराच्या शीटवर, कुणी आखलं या रकान्यात, तुझं नाव असेल. तुझ्या फाइलमधल्या त्या वाक्याखाली, ते चुकीचं होतं आणि मी लिहिलं होतं, असं माझ्या सहीने लिहीन. आणि घरी तुझ्याबद्दल जे समजलं गेलं ते मी माझ्या तोंडाने दुरुस्त करीन, कुणाकडून निरोप पाठवून नाही.

तुझा भाचा,
मुनीर

उद्या: ड्युटीच्या आधी मामीला फोन. हवापाणी विचारायच्या आधी सांगायचं.