वाळवीचे पंख आणि भाताचे पातेले

प्रति,
मा. बालविकास योजनाधिकारी,
तालुका कार्यालय.

विषय : पंख सापडले, किडे सापडले नाहीत, या कारणावरून कामावरून दूर केल्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाची दि. १८ जून २०२५ ची कन्नड नोटीस.

महोदया,

मी बोरमाळ येथील अंगणवाडीत बावीस वर्षे मदतनीस आहे. मला कन्नड वाचता येत नसल्याने नोटीस आमच्या अंगणवाडीच्या पूर्णिमा टीचरनी मराठीत समजावून सांगितली. खुलासा देण्यासाठी मी दोन बस बदलून तीनदा आले. एकदा आपण दौऱ्यावर होता, एकदा बैठकीत. तिसऱ्यांदा लेखी आणण्यास सांगण्यात आले. म्हणून हे लेखी.

१. रविवार दि. १५ जून रोजी सायंकाळी अंगणवाडीच्या खोलीत बचत गटाची बैठक झाली. त्यानंतर दिवा चालू व खिडकी उघडी राहिली. सोमवारी सकाळी कुलूप काढले तेव्हा सगळ्या फरशीवर वाळवीचे पंख पसरले होते. मी तीन सुपल्या भरून काढले. खिडकीवरच्या फळीपर्यंत माझा हात पोहोचत नाही, तेथले राहिले. ही चूक माझी आहे व मला मान्य आहे.

२. अकरा वाजता पर्यवेक्षिका मॅडम तपासणीस आल्या. उकाडा असल्याने त्यांनी पंखा लावला आणि भाताच्या पातेल्यावरचे झाकण काढले. फळीवरचे पंख उडून भातावर पडले. "पंख आहेत, मग किडे कुठे गेले?" असे त्यांनी विचारले. "मॅडम, ती पाखरं पंख टाकून जातात," असे मी सांगितले. अहवालात मात्र किडे अन्नात शिजले असावेत, असे कन्नडमध्ये लिहिले गेले.

३. दुपारपर्यंत ते गावभर झाले. चार वर्षांच्या सौम्याची आई प्रणिता ही जैन घरातली. ती अंगणवाडीच्या दारात येऊन म्हणाली, "किडा पोटात जाऊ नये म्हणून आमच्यात अंधार पडल्यावर कुणी घास घेत न्हाय. आणि तुम्ही माझ्या लेकराला…" सौम्या येईनाशी झाली. तिच्या पाठोपाठ आणखी पाच मुले.

४. नोटिशीत मृत किड्यांबाबत पुरावा मागितला आहे. मेलेले किडे माझ्याकडे नाहीत, कारण त्यांना कोणी मारले नाही. पाऊस उघडला की वाळवीची ही पाखरे आयुष्यात एकदाच उडतात. खाली उतरल्यावर आपले पंख आपणच झटकून टाकतात आणि नर-मादी मिळून सापडेल त्या फटीतून मातीत शिरतात. त्यांना पुन्हा उडायचे नसते. शेताच्या बांधावर हे मी लहानपणापासून पाहते. पण पाहिल्याचा दाखला कोणत्या कार्यालयात मिळतो, हे मला माहीत नाही.

५. दि. ३० जून रोजी ग्रामपंचायतीमागच्या वारुळातून पुन्हा पाखरे निघाली. दिवस मावळायच्या आत मी प्रणिताकडे गेले. "पाच मिनिटं चल. मग बोलू नकोस माझ्याशी, चालंल," असे सांगितले. ती आली. आम्ही दोघी उकिडव्या बसलो. एक पाखरू उतरले, अंग वाकवले, आणि चारही पंख तेथेच ठेवून चालू लागले. दुसरे तसेच करून त्याच्या मागे लागले. पायाखाली येतील म्हणून प्रणिताने पाय मागे घेतला. मग म्हणाली, "जित्ती हायत की वो मावशी ही." आणि थोड्या वेळाने, "मी लई बोलले तुम्हाला." मला रडू आले. हे अर्जात लिहिण्यासारखे नाही, तरी लिहिले आहे.

६. दुसऱ्या दिवशी तिने सौम्याला स्वतः आणून सोडले. तिने सांगितल्यावर इतर आयाही मुलांना पाठवू लागल्या. गावाची खात्री झाली आहे. आता फक्त कागदाची राहिली आहे.

मला कामावर घेणे न घेणे आपल्या हाती आहे. पण 'किडे अन्नात शिजले असावेत' हे वाक्य अहवालातून काढावे, एवढी विनंती. माझ्या हातचे जेवून मोठी झालेली मुले आज या तालुक्यात शिकतात, नोकऱ्या करतात. त्यांना सगळ्यांना कन्नड वाचता येते.

उत्तराची वाट पाहणारी,
धोंडूबाई भरमा नाईक
(सही)
बोरमाळ, दि. ९ जुलै २०२५

सोबत : १. नोटिशीची प्रत. २. सौ. प्रणिता यांचे सहीचे निवेदन.