कापशीच्या पाठीवरचा चट्टा

३ एप्रिल
मी शिवलेले कोट परत आले! हॉटेलच्या मॅनेजरनं दारातच एक उजेडात धरला – "बाई, मी वेटरसाठी कोट मागितला होता, मांजर नाही." काळ्याभोर कापडावर पांढरे केस. शिवणीत नाव ठेवायला जागा नव्हती आणि मान खाली घालायची वेळ आणली ती केसांनी!

सासूबाई कापशीला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. "ऋतू बदलला की झडतातच गं," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा एक ट्रंक आणि ही मांजर घेऊन आल्या. ट्रंक निदान एका जागी बसते.

५ एप्रिल
प्राण्यांच्या दुकानात गेले. बाई गं! माणसांना नसतील इतके प्रकार. बारीक दातांची फणी, तारांचा ब्रश, रबरी हातमोजा, आणि एक दातेरी ब्लेडवालं. निघताना आई म्हणाल्या होत्या, "तो हातमोजा आण. तिला कुरवाळल्यासारखं वाटेल."

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "केस आखूड आहेत की लांब?"
मी म्हटलं, "भरपूर आहेत."
ब्लेडवाल्याच्या खोक्यावर केसांच्या ढिगाचा फोटो होता. तेच घेतलं. कुरवाळायला वेळ कुणाला आहे!

६ एप्रिल
काय निघतात केस! एका ओढीत मूठभर. अजून एकदा, अजून एकदा – हात थांबेचना.

९ एप्रिल
आई दुपारी पडल्या की मी कापशीला धरते. आज ती शिलाई मशीनखाली जाऊन बसली. मागच्या पायाला धरून ओढून काढली. ती गुरगुरली, मी आणखी दाबून फिरवलं. दिवसभराचं सगळं मनात होतं – टीव्हीचा आवाज, दर तासाला चहा, "आमच्याकडे असं नव्हतं". मांजरीला विंचरत होते की कुणावर राग काढत होते? लिहितानाही लाज वाटते आहे.

११ एप्रिल
पाठीवर हाताच्या पंजाएवढा चट्टा. केस गेलेले, कातडी लालबुंद, दोन ठिकाणी रक्त. नवऱ्यानंच पाहिलं. तसंच उचलून डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे ब्लेडचं काम आहे. वरच्या केसांखाली दाट मऊ अस्तर असलेल्या मांजरांना चालतं, तेही कधीतरी, हलक्या हातानं. हिचे केस विरळ, आखूड. हिला रबरी हातमोजा पुरे होता. रोज कोण खरवडत होतं?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. आणि माझ्या तोंडून निघालं – "आईंचा हात थरथरतो हल्ली. अंदाज येत नसेल त्यांना."

किती सहज! जीभ जराही अडखळली नाही.

१२ एप्रिल
नवऱ्यानं त्यांना समजावलं. अगदी प्रेमानं, लहान मुलाला सांगावं तसं. "आई, तू आता कापशीचे केस विंचरत जाऊ नकोस हं."

आईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भांडी विसळत होते, पाणी जोरात सोडलं.
"बरं," म्हणाल्या. "नाही हो हात लावणार."

हल्ली त्या खूप विसरतात. वाटलं असेल, आपणच केलं असेल.

१५ एप्रिल
कापशी त्यांच्या पायात घोटाळते. त्या हात पदराखाली घेऊन बसतात. "जा गं बाई, जा," म्हणतात. ती जात नाही, त्या उचलत नाहीत.

दुपारभर टीव्ही बंद होता. हेच हवं होतं ना मला?

१८ एप्रिल
हातमोजा आणला. ब्लेड कचऱ्यात टाकलं. मी हातमोजा घातला की कापशी पलंगाखाली पळते. बरोबरच आहे तिचं.

हॉटेलनं कोट ठेवून घेतले. मॅनेजर म्हणाला, "वा, आता एक केस नाही!" मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० एप्रिल
आज सांगायचंच, असं ठरवून चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्या लगेच सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "काही काम आहे का? मी निवडून देते काहीतरी. बसूनच असते मी." मेथीची जुडी आणून दिली!

२१ एप्रिल
सांगितलं. नवऱ्यासमोर, तोंड वर करून – "कापशीला मी जखमी केलं. आई नाही. मी खोटं बोलले." नवरा उठून बाहेर गेला.

आई म्हणाल्या, "ठाऊक होतं मला. माझ्या हातांना तेवढा जोर तरी आहे का?"
"मग बोलला का नाहीत?"
"तुला खोटं पाडलं असतं, तर ठेवून घेतलं असतंस मला?"